देवघरातला तो रुपया कोणाचा?

विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळी,



इंदूरच्या मराठी घरांतून लक्ष्मीपूजनाच्या ताटात एखादा जुना चांदीचा रुपया हमखास असतो. काळपट पडलेला, जाड, कडेने ओबडधोबड आणि दोन्ही बाजूंनी फारसी अक्षरे असलेला. तो कोठून आला, असे विचारले तर आजी म्हणते, "सासूबाईंनी दिला होता." कोणाचा आहे, असे विचारले तर उत्तर येते, "असेल मोगलांचा." वर्षातून एकदा त्याला हळद-कुंकू लागते आणि तो पुन्हा डबीत जातो. पुढे कधी घरात अडचण आली किंवा नवा करंडा घडवायचा झाला, की हा रुपया सराफाच्या तराजूत जातो, वजनावर विकला जातो आणि मुशीत वितळतो.

या अंकात आम्हाला एवढेच सांगायचे आहे की त्या रुपयावर नाव मोगल बादशहाचे असले, तरी पुष्कळदा तो रुपया आपल्याच गावचा, होळकरांच्या टांकसाळीतला असतो. आपल्याला तो वाचता येत नाही, म्हणून आपण त्याला परका समजतो आणि वितळू देतो. फारसी आम्हालाही येत नाही, आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पण हे नाणे ओळखण्यासाठी फारसीचे पंडित असावे लागत नाही. चार खुणा आणि थोडे गणित पुरते. ते आपल्या सहावीच्या मुलांनाही जमण्यासारखे आहे.

रुपया आला कोठून?

'रूप्य' म्हणजे चांदी हा शब्द आपला जुनाच. पण एका ठरलेल्या वजनाचा चांदीचा रुपया पक्का केला तो शेरशाह सूरीने. त्याने १५४० ते १५४५ अशी जेमतेम पाच वर्षे राज्य केले, पण सुमारे साडेअकरा ग्रॅमचा त्याचा रुपया त्याच्या मागे कित्येक शतके टिकला. मोगलांनी पुन्हा दिल्ली घेतली तेव्हा शेरशाहची बरीचशी व्यवस्था त्यांनी तशीच चालवली आणि रुपयाही ठेवला. सोन्याची मोहोर, चांदीचा रुपया आणि तांब्याचा दाम अशी अकबराच्या काळची तीन नाणी होती. 'आईने अकबरी'त अबुल फजलने टांकसाळीतल्या माणसांची आणि कामांची यादीच दिली आहे. धातूची शुद्धता पारखणाऱ्याला तिथे 'सैरफी' म्हटले आहे. आपला 'सराफ' हा शब्द त्याच घरातला.

जहांगीरला नाण्यांचा विशेष शौक होता. त्याने मेष, वृषभ, मिथुन अशा बारा राशींची चित्रे असलेली नाणी पाडवली. बेगम नूरजहाँचे नावही त्याच्या काही नाण्यांवर आहे. हे नाव लक्षात ठेवा, त्याचा पुढे संबंध येणार आहे.

आपल्या माळव्यात मोगलांच्या आधीही नाणी पडत होती. १४०१ पासून मांडूचे सुलतान स्वतंत्र झाले. त्यांनी मांडूला 'शादियाबाद', म्हणजे आनंदनगरी, असे नाव दिले होते आणि ते त्यांच्या नाण्यांवर सापडते. त्यांची पुष्कळ नाणी गोल नसून चौकोनी आहेत. पुढे मोगलांच्या काळात उज्जैन आणि बुऱ्हाणपूर येथे टांकसाळी होत्या. उज्जैनला नाण्यावर 'दारुल-फतह' म्हणजे विजयाचे घर अशी पदवी होती. म्हणजे मराठे नर्मदा ओलांडून माळव्यात आले, तेव्हा इथल्या बाजाराला फारसी अक्षरांच्या रुपयाची सवय चांगली दीडशे वर्षांची होती.

मराठ्यांच्या रुपयावर बादशहा कसा?

आता खरा प्रश्न. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक करून घेतला आणि देवनागरी अक्षरांत सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे त्यावर स्वच्छ दिसतात. मग त्यांच्याच परंपरेत वाढलेल्या पेशव्यांनी, शिंद्यांनी आणि होळकरांनी आपल्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचे नाव का ठेवले? मुलांनी विचारावा असाच हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर 'घाबरून' असे नाही.

पहिले कारण कागदोपत्री आहे. आपल्या नावाचे नाणे पाडणे म्हणजे आपण सार्वभौम राजे आहोत असे जाहीर करणे, असा तो काळ मानत असे. मराठ्यांची फौज दिल्लीपर्यंत पोचली, तरी बराचसा कारभार त्यांनी बादशाही सनदांच्या आधाराने चालवला. माळव्याचेच पाहा. तलवारीच्या जोरावर माळवा आधीच हाती आला होता, तरी १७४१ मध्ये बादशहाकडून पेशव्यांच्या नावाने नायब सुभेदारी रीतसर लिहून घेतली गेली. सुभा ज्याच्या नावाने, नाणे त्याच्या नावाने, अशी ती रीत होती.

दुसरे कारण बाजाराचे आहे, आणि आम्हाला ते जास्त महत्त्वाचे वाटते. नाणे राजवाड्यात जन्मते, पण जगते ते बाजारात. कापूस, अफू, धान्य, कापड यांचा व्यापार करणारा माणूस इंदूरहून उज्जैनला, तिथून सुरतेला जात असे. प्रत्येक मुक्कामी सराफ त्याचा रुपया हातात घेई, वाजवून पाही, वजन करी, गरज वाटली तर कडेला बारीक टोचा मारून आतली चांदी बघे. ओळखीचे नाणे असले तर पूर्ण किंमत. अनोळखी असले, झिजलेले असले किंवा फार जुन्या सालचे असले, तर काही टक्के कापून घेई. या कपातीला 'बट्टा' म्हणत. 'नावाला बट्टा लागणे' हा आपला वाक्प्रचार ज्या व्यवहारातून आला तो हाच. सराफाला अक्षरे वाचता यावीच लागत असे नाही, पण अक्षरांची ठेवण त्याच्या डोळ्यांत बसलेली असे. ती बदलली की त्याला शंका येई आणि शंका आली की बट्टा लागे. नव्या धर्तीचा रुपया काढून आपल्याच रयतेच्या खिशाला बट्टा लावणे कोणत्या राज्यकर्त्याला परवडेल?

हे एकट्या होळकरांचे नव्हे. पुण्याकडच्या पेशवाई रुपयावर बादशहाचे नाव असून शेजारी अंकुशाची खूण असे, म्हणून त्याला 'अंकुशी' म्हणत. बडोद्याच्या गायकवाडांनी फारसी मजकुराच्या मधोमध राजाच्या नावाचे एक नागरी अक्षर बसवले. आणि ईस्ट इंडिया कंपनी? तिनेही बंगालमध्ये शाह आलमच्याच नावाने रुपये पाडले. विल्यम राजाचा मुखवटा असलेला कंपनीचा एकसारखा रुपया आला तो १८३५ मध्ये. म्हणजे ज्यांच्या ताब्यात दिल्ली १८०३ पासून होती, त्या इंग्रजांनाही त्या नावाची गरज आणखी तीस वर्षे वाटली.

शाह आलम कोण, आणि खुणा कोणाच्या?

आपल्याकडच्या रुपयावर ज्याचे नाव असते तो बादशहा शाह आलम दुसरा. तो १७५९ मध्ये गादीवर आला, पण दिल्लीबाहेर. महादजी शिंद्यांच्या आणि मराठी फौजेच्या संरक्षणात तो १७७२ मध्ये दिल्लीत परतला. १७८८ मध्ये गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले. १८०६ मध्ये तो वारला. सत्ता अशी काही उरली नव्हती, पण नाव मात्र गावोगावच्या टांकसाळीत रोज ठोकले जात होते.

टांकसाळीने मात्र त्या नावाशेजारी आपली खूण न चुकता ठेवली. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात राज्यकारभार पाहिला. महेश्वर ही त्यांची राजधानी. तिथल्या रुपयावर बादशहाच्या नावाच्या जोडीला बेलाचे पान आणि शिवलिंग आहे. राज्याचे हुकूम त्या 'श्री शंकर' या नावाने काढीत, हे आपण इतिहासात शिकलो आहोत. हुकमावर जे होते, तेच रुपयावर आले. आपल्या इंदूरच्या टांकसाळीचे नाव फारसीत 'मल्हारनगर' असे लिहिलेले असते. सुभेदार मल्हाररावांच्या स्मरणाचे हे नाव आहे. इंदूरच्या रुपयांवर पुढे ठळकपणे दिसते ते सूर्यमुख. डोळे, नाक आणि भोवती किरणे असा तो सूर्य असतो. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, म्हणजे मार्तंड, आणि मार्तंड हे सूर्याचेही नाव आहे.

ज्यांचे मूळ नाशिककडे आहे, अशा पालकांच्या घरी 'चांदवडी रुपया' हा शब्द ऐकला असेल. चांदवड हे होळकरांचेच ठाणे. तिथल्या रुपयावर गावाचे नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर' असे येते. नाण्यावरसुद्धा 'उर्फ'!

आता नूरजहाँची आठवण करा. तिचे नाव नाण्यावर आले. पण अठ्ठावीस वर्षे स्वतः राज्य चालवणाऱ्या अहिल्याबाईंचे नाव त्यांच्या स्वतःच्या रुपयावर नाही, चेहरा तर नाहीच. आहे ते बेलपत्र. ज्याला ते दिसले त्याला राज्य कोणाचे ते कळले.

नाणे पाडत कसे?

हे समजले की नाणे असे वेडेवाकडे का, ते आपोआप कळते. चांदी वितळवून, शुद्ध करून तिचे ठरलेल्या वजनाचे तुकडे करीत आणि ते ठोकून चपटे गोल करीत. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असे. त्यावर तो तुकडा ठेवायचा, वर दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा एक घाव घालायचा. दोन्ही बाजूंची अक्षरे एकदमच उमटत. ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, त्यामुळे ठशावरचा सगळा मजकूर एका रुपयावर कधीच मावत नसे. एका रुपयावर सूर्य पूर्ण येई आणि साल कापले जाई, तर दुसऱ्यावर साल येई आणि गावाचे नाव अर्धे राही. म्हणून एकाच जातीची चार-पाच नाणी शेजारी ठेवली की एकमेकांचा मजकूर पूर्ण करतात. अभ्यासक असेच करतात.

इथे भाषेची एक गंमत सांगतो. नाण्यावर 'जर्ब' असा शब्द असतो आणि त्यानंतर गावाचे नाव. जर्ब म्हणजे घाव, ठोका. 'जर्ब मल्हारनगर' म्हणजे मल्हारनगरला ठोकलेले. मराठीत 'गुरुजींची जरब' म्हणतो ती हीच. दुसरा शब्द 'जुलूस'. आमच्यासारख्या हिंदीत शिकलेल्या माणसाला जुलूस म्हटले की मिरवणूकच आठवते. नाण्यावर त्याचा अर्थ गादीवर बसणे असा आहे आणि त्याशेजारचा आकडा बादशहाच्या गादीचे कितवे वर्ष ते सांगतो. 'शिक्का' तर आपण रोजच वापरतो आणि 'शिक्कामोर्तब'ही. ज्या भाषेला आपण परकी म्हणून बाजूला ठेवतो, तिचे शब्द आपल्याच तोंडी आहेत.

घरचा रुपया वाचू या

विद्यार्थ्यांनो, आईच्या परवानगीने नाणे बाहेर काढा. खाली मऊ रुमाल अंथरा आणि नाणे कडेने धरा. एक भिंग असले तर उत्तम.

पहिली पायरी म्हणजे वजन. ओळखीच्या सराफाकडे किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर वजन करा. पूर्ण रुपया साधारण अकरा ते साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरतो. फारच हलका असेल तर तो अर्धा रुपया असेल, खूप झिजलेला असेल किंवा नकली असेल.

दुसरी पायरी म्हणजे चित्र. अक्षरांच्या गर्दीत सूर्यमुख, बेलाचे पान किंवा शिवलिंग दिसते का ते पाहा. दिसले, तर नाणे होळकरांचे असण्याची शक्यता पुष्कळ आहे. अशा खुणा शिंद्यांच्या आणि इतर संस्थानांच्या रुपयांवरही वेगवेगळ्या असतात, म्हणून खुणेचे चित्र वहीत नीट काढून ठेवा.

तिसरी पायरी म्हणजे आकडे. फारसी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे. नुसती उभी रेघ म्हणजे १. टिंब म्हणजे शून्य. इंग्रजी 'व्ही'सारखे दिसले तर ७ आणि तोच उलटा केला तर ८. रेघेला वर एक दाता असेल तर २, दोन दाते असतील तर ३. नऊ जवळजवळ इंग्रजी नवासारखाच. चार, पाच आणि सहा यांची वळणे थोडी सवयीने येतात, ती वर्गात फळ्यावर काढून दाखवू.

चौथी पायरी म्हणजे गणित. नाण्यावर हिजरी सन असते. हे वर्ष चंद्राचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे तेहतीस हिजरी वर्षांत जवळजवळ बत्तीसच इंग्रजी वर्षे होतात. म्हणून हिजरी सनाला ३३ने भागा, आलेला भागाकार सनातून वजा करा आणि ६२२ मिळवा. समजा नाण्यावर ११९५ आहे. ११९५ भागिले ३३ म्हणजे सुमारे ३६. ११९५ मधून ३६ गेले, उरले ११५९. त्यात ६२२ मिळवले की १७८१. म्हणजे हा रुपया अहिल्याबाईंच्या कारकिर्दीतला.

पाचवी पायरी म्हणजे ताळा. शाह आलम हिजरी ११७३ मध्ये गादीवर आला. ११९५ च्या नाण्यावर 'जुलूस' शब्दाजवळचा आकडा २२ किंवा २३ असायला हवा. जुळला तर छान. नाही जुळला तर पुन्हा नीट बघा. जुने ठसे नव्या वर्षीही वापरले जात, त्यामुळे दोन्ही आकडे जुळत नाहीत अशी खरी नाणीही असतात.

आता हुशार मुलांसाठी एक प्रश्न. समजा नाण्यावर हिजरी १२८० आहे आणि नाव शाह आलमचे आहे. वरच्या रीतीने इंग्रजी साल काढा. १८६३ येईल. पण शाह आलम तर १८०६ मध्ये वारला. मेल्यानंतर सत्तावन्न वर्षांनी त्याच्या नावाचा रुपया? घाबरू नका, तुमचे गणित बरोबर आहे. तुकोजीराव दुसरे यांच्या काळातही, म्हणजे १८४४ ते १८८६ मध्ये, इंदूरचा चांदीचा रुपया शाह आलमच्याच नावाने पडत होता. तोवर मोगल बादशाही संपली होती, बहादूरशाह जफर रंगूनला वारला होता आणि मुंबईला आगगाडी सुरू झाली होती. नाव आता माणसाचे राहिले नव्हते, ती विश्वासाची खूण झाली होती.

ते नाव गेले कधी?

एकदा थोडा बदल झाला होता. महाराजा यशवंतराव होळकर इंग्रजांशी लढले आणि त्यांनी शके १७२८, म्हणजे १८०६ मध्ये एक खास रुपया काढला. त्यावर फारसी नाही, तर नागरी अक्षरांत संस्कृत श्लोक आहे आणि यशवंतरावांचे नाव आहे. पण त्याही श्लोकात ही मुद्रा इंद्रप्रस्थाच्या, म्हणजे दिल्लीच्या सार्वभौमाच्या प्रसादाने केली, असा आशय आहे. लिपी बदलली, भाषा बदलली, तरी दिल्लीचा मान राखलेला आहे.

मंदसोरच्या १८१८ च्या तहानंतर राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. हाताने ठोकलेला रुपया पुढेही बराच काळ चालला. महाराजा शिवाजीराव होळकरांच्या काळात, १८८६ नंतर, यंत्रावरची नाणी आली. त्यांत नंदी बसलेला तांब्याचा पाव आणा आणि अर्धा आणा आहे. तो आजही पुष्कळ घरांतून सापडतो. एकोणिसावे शतक संपताना शिवाजीरावांचा मुखवटा असलेला रुपयाही निघाला. पुढे इंग्रजी रुपयाचे राज्य आले. महाराजा यशवंतराव दुसरे यांच्या मुखवट्याचे तांब्याचे नाणे १९३५ सालचे आहे.

आणि अहिल्याबाई? त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली म्हणून भारत सरकारने ३०० रुपयांचे स्मारक नाणे काढले. त्याचे प्रकाशन ३१ मे २०२५ रोजी भोपाळला झाले. त्यावर त्यांची मुद्रा आहे, नाव आहे. जो मान त्यांनी स्वतः घेतला नाही, तो त्यांच्यामागे दोनशे तीस वर्षांनी मिळाला.

संग्रह कसा करावा?

बाजारात जाऊन नाणी विकत घ्या, असे आम्ही मुलांना सांगणार नाही. आधी घरात काय आहे ते पाहा. काही गोष्टी मात्र जरूर पाळा.

नाणे घासू नका. दिवाळीची भांडी घासताना चिंच, राख किंवा पावडर लावून रुपयाही चकचकीत करण्याची आपल्याकडे सवय आहे. चांदीवरचा काळपट थर नाण्याला अपाय करत नाही, पण घासण्याने अक्षरे झिजतात आणि एकदा गेलेले साल परत येत नाही. माळेत ओवण्यासाठी कडी डाखू नका. जी नाणी आजीच्या माळेत आधीच ओवलेली आहेत ती तशीच राहू द्या, तोही त्यांचा इतिहास आहे. प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर वजन, खुणा, साल व ते घरात कोणाकडून आले ते लिहा. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. साल नंतरही वाचता येते, पण 'पणजी महेश्वरची होती' ही माहिती सांगणारी आजी गेली की ती माहितीही जाते.

नकली नाण्यांपासून सावध राहा. साच्यात ओतलेल्या नकलेच्या अंगावर बारीक छिद्रे दिसतात, कडेला सांध्याची रेघ दिसते आणि वजन चुकते. चुंबकाला चिकटले तर चांदी नव्हेच. 'जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या' अशा जाहिरातींना कोणीही भुलू नये. आपल्या नावाने असे व्यवहार करणाऱ्यांपासून जपा, अशी सूचना रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये काढली होती.

दोन कायदेही पालकांनी लक्षात ठेवावेत. पाया खणताना किंवा शेतात पुरलेले द्रव्य सापडले आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आणि शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ते घरात ठेवायला हरकत नाही, पण देशाबाहेर नेता येत नाही. आपल्या पुष्कळ घरांतली मुले आता अमेरिकेत आणि युरोपात आहेत. प्रेमाने त्यांच्या सामानात आजीचा रुपया ठेवताना हे आठवावे. फोटो पाठवावा, रुपया इथेच राहू द्यावा.

अस्सल नाणी पाहायची असतील तर आग्रा-मुंबई रस्त्यावर मोठ्या पोस्टाजवळचे आपले केंद्रीय संग्रहालय आहे. मुंबईला गेलात तर फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे. मोठ्यांना खोलात जायचे असेल, तर के. के. महेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर लिहिलेले १९८९ चे पुस्तक आहे. नाशिकजवळ अंजनेरीला उभ्या राहिलेल्या नाणेशास्त्राच्या संस्थेने ते काढले.

शाळेचा विचार

विश्वस्त मंडळींपुढे आमची एक छोटी विनंती आहे. शाळेने नाणी गोळा करावीत असे आम्ही म्हणत नाही. ती जोखीम शाळेने घेऊ नये, नाणी ज्याच्या त्याच्या देवघरातच शोभतात. आम्हाला हवी आहे ती एक नोंदवही, एक चांगले भिंग आणि एक लहान तराजू. प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, खुणा, वाचता आले तर साल आणि घरची हकिकत लिहून आणावी. नाणे शाळेत आणू नये. नोंदीत घराचे नाव-पत्ता लिहायचा नाही, फक्त वर्ग आणि अनुक्रमांक. चार-पाच वर्षांत इंदूरच्या मराठी घरांतल्या नाण्यांची अशी यादी तयार होईल, जी आज कोणाकडेच नाही. ती करताना मुले इतिहास, गणित आणि भाषा एकत्र शिकतील.

आपण ज्या वस्तीत आहोत तिचे नाव परदेशीपुरा. गिरण्यांच्या काळात चारी दिशांनी इथे माणसे आली, रुजली आणि त्यांची नातवंडे आज स्वतःला इंदुरीच म्हणवतात. आपणही होळकरांच्या मागोमाग दक्षिणेतून आलो आणि इथलेच झालो. नावावरून माणसाला परका ठरवू नये, हे परदेशीपुऱ्यातल्या मुलांना शिकवावे लागत नाही. तेच नाण्यालाही लागू करावे.

राजवाड्याजवळच्या सराफ्यात रात्री आपण भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला जातो. दिवसा त्याच दुकानांतून जुनी चांदी वितळायला जाते. तिथे एखादा रुपया द्यायची वेळ आलीच, तर देण्याआधी एकदा भिंगाखाली धरा. सूर्य किंवा बेलाचे पान दिसले तर घरात सर्वांना दाखवा, वहीत नोंद करा आणि मग काय ते ठरवा. चांदी पुन्हा विकत मिळते, हे मल्हारनगर पुन्हा मिळणार नाही.

नोंदींचे कोरे तक्ते सोमवारपासून वर्गशिक्षकांकडे मिळतील.

आपला,
मुख्याध्यापक